गुडघ्यांचं औषध ट्रेलरखाली

डेलमार कुसेराच्या पायाला जन्मापासून भिंगरी. नेब्रास्कातल्या त्याच्या गावात हा माणूस चर्चमध्येही कडेच्या जागेवर बसायचा, उठायला बरं पडावं म्हणून. जेवता जेवता मध्येच उठून पिकअपच्या टायरमधली हवा बघून यायचा. जन्मभर धान्याचे ट्रक हाकले, निवृत्त झाला आणि लगेच चाकांवरचं घर विकत आणलं. पिकअपमागे जोडायचा ट्रेलर, आत पलंग, चूल, मोरी. बायकोला, आर्डिसला म्हणाला, "आता फक्त फिरायचं."

फिरलेही. माँटाना, वायोमिंग, खाली पार टेक्सासपर्यंत. पण वायोमिंगच्या डोंगरातून परत आल्यावर आर्डिसने गुडघे धरले. "तू जा बाबा, मला नाही झेपत." दोन उन्हाळे ट्रेलर अंगणात उभा होता आणि डेलमार त्याच्याभोवती घिरट्या घालत होता. एकट्याने जायचंही करून पाहिलं. शेजारच्या रिकाम्या सीटकडे नजर गेली आणि किल्ली परत खुंटीला लागली. फिरल्याशिवाय त्याला जगता येईना आणि तिच्याशिवाय फिरता येईना.

या जूनमध्ये त्याच्या डोक्यात आलं, की गुडघे दुखतात ते हिसक्यांनी. ट्रेलर मागून हिसके देतो, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश झिजले असणार. बोल्ट आणि पाटा यांच्यामध्ये बसणारी ही बोटभर नळी, पण सगळा भार तिच्यावर. बुश बदलले की गाडी मऊ चालेल, मग आर्डिस का नाही येणार?

शनिवारी कॉफी अर्धी टाकून तो ट्रेलरखाली शिरला. शेजारचा वेंडेल कुंपणावर कोपर टेकून मजा बघत उभा राहिला.

"काय रे, दुखणं बायकोच्या गुडघ्यात आणि औषध ट्रेलरखाली शोधतोयस?"

"तू तुझं गवत काप."

"कापलं केव्हाच. जॅक सांगाड्याखाली लावलास ना? नाहीतर चाकांचा आस वाकवशील, मग बस बोंबलत!"

"सांगाड्याखालीच आहे! काल जन्मलो नाही मी."

वेंडेलचं तरी काय चुकलं? दिसायला हे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असंच होतं. पण ज्याला दोन मिनिटं बूड टेकता येत नाही, त्याच्या हाती पाना द्यावा. निदान घरातली माणसं सुटतात.

पहिला बोल्ट निघेना. डेलमारने तेल सोडलं, हातोडा हाणला, शिव्या घातल्या. शेवटी बोल्ट सुटून हातात आला आणि त्याच्या शिव्याच थांबल्या. बोल्ट मधोमध निम्म्याहून जास्त खाल्ला गेला होता. प्लॅस्टिकच्या बुशचा नुसता भुगा उरलेला. लोखंड लोखंडावर घासत होतं. त्याने घाईघाईने दुसरा काढला, तिसरा काढला. तीच गत.

मग त्याला वायोमिंगच्या डोंगरातला तो उतार आठवला. एका बाजूला दरी. आर्डिस म्हणाली होती, "डेल, मागे काहीतरी करकरतंय. थांब जरा." तो म्हणाला, "वारा असेल." तिने पुन्हा सांगितलं, तेव्हा त्याने रेडिओ मोठा केला. त्याला अंधार पडायच्या आत पोचायचं होतं. तिथे कुणी वाट बघत नव्हतं, तरी पोचायचं होतं.

डेलमार सरपटत ट्रेलरखालून बाहेर आला. बोल्ट भंगारात टाकला असता तर कुणाला कळणार होतं? हात तसा डब्याकडे गेलाही. मग तो उठला आणि बोल्ट घेऊन स्वयंपाकघरात गेला.

आर्डिस तळघरातून बिटाच्या लोणच्याच्या बरण्या घेऊन येत होती. दोन्ही हात भरलेले आणि पायऱ्या भराभर चढत होती. डेलमार बघतच राहिला.

"आर्डिस, तुझे गुडघे..."

"गुडघ्यांना काय धाड भरलीय?" बरण्या ठेवून तिने त्याच्या हातातला बोल्ट घेतला, फिरवून पाहिला. "एवढंच उरलं होतं?"

"एवढंच. तू सांगत होतीस आणि मी..."

"जन्मभर गाड्या हाकलेल्या नवऱ्याला तोंडावर कसं सांगू, की तुझ्या शेजारी बसायची भीती वाटते म्हणून? ढकललं गुडघ्यांवर. ते बिचारे उलटून बोलत नाहीत."

डेलमारला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन उन्हाळे तो त्या गुडघ्यांना मलम आणून देत होता आणि ती मुकाट्याने चोळून घेत होती.

नवे बुश त्याने धातूचे घातले, ग्रीस भरता येईल असे. बोल्ट जाडजूड. प्रत्येक नट आवळून झाल्यावर पुन्हा तपासला. वेंडेलच्या एकाही टोमण्याला उत्तर दिलं नाही, तेव्हा वेंडेललाच काळजी वाटली. निघायच्या दिवशी आर्डिस कोलाचींचा, म्हणजे जर्दाळू भरलेल्या गोड पावांचा, डबा घेऊन आपणहून गाडीत बसली.

गावाबाहेरच्या धान्याच्या कोठारापाशी ते आले असतील नसतील, तोच ती म्हणाली, "थांब."

त्याने ब्रेक दाबला. गाडी कडेला घेतली, उतरला, एकेका चाकाला हात लावून पाहिला, खाली वाकून सगळे बोल्ट पाहिले. शेजारून धान्याचे ट्रक धडधडत जात होते. तो घामाघूम होऊन परत आला.

"सगळं ठीक आहे गं. काय ऐकू आलं तुला?"

"काहीच नाही."

"मग?"

"बघत होते, थांबतोस का." तिने डबा उघडून त्याच्यापुढे धरला. "खाऊन घे आधी."

डेलमारने अख्खी कोलाची बसून खाल्ली. ती "चल" म्हणेपर्यंत त्याने किल्लीला हात लावला नाही.