रंग गोरा, नाडी मध्य

सुमनताई गेल्या हे मले होस्टेलच्या सैपाकघरात समजलं. हाताले कणीक, फोन खांद्यानं कानाले दाबलेला, अन् भाऊ म्हणे, "तुयी टायपिंगवाली बाई गेली व, सकाळी दुकान उघडता उघडता." मी बरं म्हटलं अन् पोया लाटत राह्यली... ऐंशी पोरी जेवाच्या होत्या. मातीले जाताच आलं नाही. दीड महिना झाला, अजून थेच टोचते.

दिग्रसले तहसीलसमोर त्याईचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान. गेल्या साली मी पयल्यांदा गेली तवा पोरगी कडेवर, नवरा सोडून गेलेला, भावाच्या घरी राहून राह्यली होती अन् भावजय रोज इचारे, "मंग, कधी जातं?" होस्टेलात सैपाकीण पायजे, राहाले खोली भेटते, असं समजलं. बायोडाटा आना म्हणे. आता बायोडाटा त होता माह्याजवळ, लग्नाच्या टायमाचा, पेटीत जपून ठेवलेला. थोच घेऊन गेली, म्हटलं याची झेरॉक्स मारून द्या.

ताईनं चष्मा वर केला अन् मोठ्यानं वाचला. "रंग गोरा, नाडी मध्य, मामाचं कूळ..." वाचता वाचता हासून त्याईचं पोट हालाले लागलं. "काव बाई, वार्डनबाईसंग लगन लावतं का?" मले रडूच आलं. तसं त्याईनं पोरीच्या हातात बिस्किट देल्लं अन् लाल पेन काढला. रास, नाडी, रंग, सारं खोडलं. "भाजीले काय समजते व तुहा रंग?"

शिक्षण इचारलं. मी म्हटलं, दहावी पास टाका. "हायेस का?" ...नववी. "मंग नववीच लिहीन. खोटं लिहिलं त जलमभर भेत राहशीन, आताच काय कमी भेतं?" मंग अनुभव. मी म्हटलं काईच नाही, घरीच त असतो. "घरी किती जनाचा सैपाक करतं?" अकरा जनाचा, अन् कापूस वेचाच्या दिवसात बाया धरून पंचवीस. "कोणी उपाशी राह्यलं?" नाही. "मंग हा अनुभव नाही त काय डोहाळजेवन हाय?" अन् टकटक टाइप केलं.

सोबतचा अर्ज मी घरून लिहून नेलता. दोन पानं... मी गरीब, मी दुःखी, नवऱ्यानं टाकलेली, दया करून नोकरी द्यावी. ताईनं चार ओळी ठेवल्या. दया पयले खोडली. "दया त भावजय बी करून राह्यली नं तुह्यावर? पुरली का? काम माग. किती वाजता उठतं थे लिही." मी चार वाजता उठतो. थेच लिहिलं. वार्डनबाईनं कागद पाह्यला अन् एकच इचारलं, "खरंच चारले उठता?" मी हो म्हटलं. खोली भेटली... आतून कडी लावाची माही पयली खोली.

त्या टाइप केलेल्या बायोडाट्यात अनुभवाखाली ताईनं एक ओळ मोकळी सोडली होती. मी म्हटलं, हे काहून? म्हणे, "पुढच्या साली घेऊन ये, भरू."

यंदा होस्टेलात नवी मॅडम आली. साऱ्यायचे अर्ज पुन्हा मांगतले, कोणाले ठेवते कोणाले नाही, काईच सांगत नाही. दुकानाले त शटर लागलेलं. शेवटी खोलीत पोरीले मांडीवर घेतलं अन् माह्याच हातानं ती ओळ भरली. एक वर्ष, ऐंशी मुलींचा सैपाक, एक दिवस खंड नाही... ताई गेल्या थो दिवस बी धरून.

मंग अर्ज लिहाले घेतला त हात आपोआप चालला, दया करून... लिहिल्या बी गेलं. पोरीच्या खडूच्या डब्बीतला लाल खडू घेतला अन् खोडलं. दुसऱ्या कागदावर चार ओळी उतरवल्या, थ्या बायोडाट्यासंग देऊन आली. जबाब अजून आला नाही.

खोडलेला कागद पेटीत ठेवला, लग्नाच्या बायोडाट्यावर. आता लाल रेघोट्यायचे दोन कागद हायेत. एक त्याईचा, एक माहा.