यंत्रमानवाच्या डोक्यातला ताईत

कुरामोची हिदेओ ज्याला-त्याला चोर समजायचे. सत्तरच्या दशकात टीव्हीवर दर रविवारी जो यंत्रमानव राक्षसांना लोळवायचा, त्याच्या पोशाखाच्या आत तेच असायचे. पण पडद्यावर त्यांचं नाव कधी झळकलं नाही, तेव्हापासून हा संशय अंगात मुरलेला. त्यामुळे सेरिझावा नावाचा संग्राहक त्या यंत्रमानवाचं लाल डोकं घेऊन त्यांच्या नेरिमातल्या घरी आला आणि "हे खरंच ना?" म्हणाला, तेव्हा ते फिस्कारलेच.

"असली डोकी बाजारात ढिगानं पडलीत! बाहेरून कुणीही रंगवेल. आतून दाखवा."

त्यांनी डोकं उलटं करून आत बोटं फिरवली. कपाळाच्या अस्तराखाली काहीतरी टोचलं. शिवण उसवली तर देवळातला ताईत निघाला.

"नकली!" ते गरजले. "मी देव मानत नाही. बायकोनं दिलेले सगळे ताईत मी तिच्यादेखत कचऱ्यात टाकलेत. उचला हे, आणि चालते व्हा!"

सेरिझावा ओशाळून उठला. चहा घेऊन आलेली साचिए मात्र दारातच थबकली.

"शिवण निळ्या दोऱ्याची आहे का हो?" तिनं नवऱ्याला विचारलं. "पांढरा संपला होता. धरणावरच्या उडीच्या शूटिंगच्या आदल्या दिवशी तुम्ही हे घामेजलेलं डोकं घरी वाळत घातलं होतंत, तेव्हा मीच आत शिवला."

कुरामोचींनी उसवलेली शिवण पुन्हा पाहिली. दोरा निळाच होता.

"वर्षभरात ताईत देवळात परत द्यायचा असतो," कप ठेवत ती म्हणाली. "तुम्ही स्टुडिओवाल्यांशी भांडून डोकं तिथंच टाकून आलात. पंचेचाळीस वर्षं देवाची माफी मागतेय मी."