फिटच्या गोळ्यांचा जोगवा

ज्येष्ठातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर माझ्या आईवर अन्याय झाला. तिचं नाव कोंडाबाई, वय एकावन्न. चौदा वर्षं ती फिटची गोळी घेते, सकाळी एक, रात्री एक, आणि या चौदा वर्षांत तिला एकदाही फिट आलेली नव्हती. खिडकीतल्या माणसानं कागद नीट बघितलाही नाही. "वरूनच माल नाही. पुढच्या मंगळवारी बघा," म्हणाला आणि कागद परत सरकवला. आईनं त्याची घडी घालून पिशवीत ठेवली आणि वर त्यालाच म्हणाली, "बरं बाबा, येते." मी शेजारी उभी होते, म्हणून वेळ पक्की सांगते. दवाखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की एका माणसाची बदली होते आणि खिडकी तशीच राहते, हे मी दोनदा बघितलंय.

मी आरोग्य हक्काचं काम करते. पत्रकं लिहिते, बाजारच्या दिवशी वाटते, मोर्चात माईक धरते. देवाधर्माशी माझं फारसं जमत नाही. आईचं मात्र सगळं तिथंच. तिच्याकडं तुळजापूरच्या आईची परडी आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती वेताची छोटी टोपली हातात घेऊन पाच घरी जोगवा मागायला जाते. कुणी मूठभर पीठ घालतं, कुणी ज्वारी. यावरून आमची किती भांडणं झाली. मी म्हणायची, "आपण मागायचं नसतं, हक्कानं घ्यायचं असतं." ती शांतपणे म्हणायची, "तू कागदावर मागतीस, म्या परडीत मागते. मला निदान पीठ तरी मिळतं."

त्या मंगळवारी घरात नऊ दिवसांच्या गोळ्या होत्या. पुढचा मंगळवार आला, खिडकीचं उत्तर तेच. ढोकीच्या मेडिकलमध्ये गेले, धाराशिवला चार दुकानं फिरले. सगळीकडं एकच, कंपनीकडूनच शॉर्टेज आहे. डॉक्टर म्हणाले, ही गोळी अशी एकदम बदलता येत नाही, सोलापूरच्या मेंदूच्या डॉक्टरांना विचारावं लागेल. त्यांची तारीख महिन्यानंतरची. दवाखान्याच्या मोठ्या साहेबांकडं गेले तर साहेब म्हणाले, निवेदन द्या. दिलं. त्यावर शिक्का मारून पोच मिळाली. पोच सकाळी एक आणि रात्री एक घ्यायची का, असं विचारायचं जिभेवर आलं होतं. विचारायला हवं होतं.

नऊ दिवस उलटून गेले तरी आईच्या डब्यात गोळ्या होत्याच. मला आधी बरं वाटलं, मग शंका आली. सुपारीच्या अडकित्त्याला पांढरी भुकटी लागलेली दिसली. विचारलं तर म्हणाली, "अर्धी अर्धी खाते. पुरवून खाल्लं की पुरतं." पीठ पुरवून खायची सवय असलेल्या बाईनं औषधही पुरवून खाल्लं. मी तिच्यावर ओरडले. आता लिहिताना लाज वाटते, कारण ओरडायची जागा ती नव्हती.

तिसरा मंगळवारही तसाच गेला, आणि अर्ध्या अर्ध्या गोळ्याही संपल्या. त्यानंतरच्या शुक्रवारी शेजारच्या जनाकाकूंच्या घरी परडी भरायचा कार्यक्रम होता. दुपारचे चार वाजले असतील. भूमकडून देवीची गाणी म्हणणाऱ्या आराध्यांचा मेळा आला होता, झांजा चालू होत्या, ओसरी बायांनी भरलेली. आई परडी घेऊन देव्हाऱ्यापुढं उभी होती. उदो उदो झाला आणि ती कोसळली. थेट पेटत्या समईवर. तेल तिच्या मनगटावर सांडलं, अंग ताठ झालं, हातपाय झटके देऊ लागले, दातखीळ बसली.

आणि बायांनी हात जोडले. "आई आली, आई आली." दोघींनी तिला काखेत धरून बसती केली, तिसरीनं कपाळभर कुंकू लावलं, चौथीनं मुठीत लिंबू कोंबलं. मी पुढं घुसले तर जनाकाकूंनी माझा हात धरला. "वारं अंगात असताना हात लावू नये गं. तुजा इश्वास न्हाय म्हणून इथंबी आडवी येतीस व्हय?" मी ओरडून सांगत होते की ही फिट आहे, हिच्या गोळ्या संपल्यात, हिला कुशीवर वळवा. माझा आवाज मोर्चात अख्ख्या चौकाला ऐकू जातो. तिथं एका ओसरीत कुणी ऐकलं नाही. उलट एक बाई आईच्या तोंडाजवळ वाकून विचारत होती, माझ्या पोराला नोकरी कवा लागंल. दातखीळ बसलेल्या बाईला. आईचे ओठ निळे पडत चालले होते. तेव्हा मी मनात कुणाला हाक मारली ते मला ठाऊक आहे. इथं एवढंच लिहिते, की मी हाक मारली.

मेळ्यातल्या एका साठीच्या मावशींनी झांज खाली ठेवली. मी त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळावर मळवट. त्या उठल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "सोडा तिला. हे वारं न्हाय."

"मावशी, तिला परडी हाय," जनाकाकू म्हणाल्या.

"मला बी हाय. बारा वरसं वारं घेते म्या. वारं आलेली बाई दिव्यावर पडत न्हाय. तिला दिवा दिसतो. हिला दिसला न्हाय." मग माझ्याकडं वळून, "पोरी, बगत काय बसलीस? धर मायला."

बाया बाजूला झाल्या. आम्ही दोघींनी आईला कुशीवर वळवलं, मावशींनी तिच्या गळ्यातली माळ सैल केली, लिंबू काढून फेकलं. थोड्या वेळानं झटके थांबले, श्वासाला घरघर आली, मग तो सरळ झाला. माझी सगळी पत्रकं जे करू शकली नाहीत, ते एका कवड्यांच्या माळेनं केलं. याचा मला राग यावा की काय यावं, ते कळेना.

आई झोपल्यावर मावशी ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसल्या. "गोळी चुकली काय?" मी सगळं सांगितलं. पाकिटावरचं नाव दाखवलं. त्यांनी पाकीट लांब धरून बघितलं. "हीच आमच्या मालकाला हुती. मागच्या महिन्यात डॉक्टरनं बदलून दिली. चार पाकिटं डब्यात पडून हायेत."

 मी म्हटलं, "मावशी, मी उद्याच येते."

"यिशील, पण मालक द्यायचे न्हाईत. घरातलं औषध दुसऱ्याला दिलं की दुखणं त्याच्या घरी जातं म्हणतेत. पाप लागतं म्हणं." मी कपाळावर हात मारला. मावशी हसल्या. "तू परडी घिऊन ये. परडीत पडलं ते देवीचं. त्याला ते न्हाय म्हणायचे न्हाईत."

"पण उद्या शनिवार."

"वार माणसं बगतेत गं. ती कशाला बगती?"

शनिवारी सकाळच्या एसटीनं मी भूमला गेले. मांडीवर आईची परडी, तिच्यावर ओढणी, कारण कुणी ओळखीचं भेटलं तर काय सांगायचं. मावशींचे मालक दारातच दोरी वळत बसले होते. मी पुढं उभी राहिले. तीन शब्द म्हणायचे होते. आजवर मी जे मागितलं ते जोरात मागितलं, कायद्याचं कलम सांगून मागितलं, पोच घेऊन मागितलं. हात पसरून, समोरचा देईल की नाही हे माहीत नसताना, कधीच मागितलं नव्हतं. आई आठवड्यातून दोनदा हे करते, आणि मी त्याला भीक म्हणत होते.

"जोगवा वाढा, बाबा," मी म्हणाले. आवाज माझा वाटला नाही.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, परडीकडं बघितलं, दोरी बाजूला ठेवून आत गेले. आधी मूठभर पीठ घातलं. मग त्याच्यावर एकेक करून चार पाकिटं ठेवली. "तुज्या मायला सांग, एक बी चुकवू नको म्हणावं. म्या चुकवली हुती. हिरीच्या काठाला पडलो, चार बोटं आत असतो तर गेलोच हुतो." मावशींनी त्यांना आधी काही सांगितलं होतं का, मी विचारलं नाही. दोघांच्या पाया पडले. आयुष्यात इतक्या मनापासून कुणाच्या पडले नव्हते.

येताना पाकिटं डॉक्टरांना दाखवली. तीच गोळी, तीच ताकद, मुदत बाकी. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्याच्या घरचं औषध न विचारता घेऊ नये, दाखवलंत ते बरं केलंत, आता रात्रीपासून पूर्ण गोळी चालू करा. वीस दिवसांची सोय झाली. अठराव्या दिवशी, मंगळवारी, खिडकीवर माल आला. कुणी काही सांगितलं नाही, कुणी माफी मागितली नाही. आईनं खिडकीतल्या माणसालाच पुन्हा "बरं बाबा" म्हटलं.

कुणी याला योगायोग म्हणेल. मी वाद घालणार नाही, वाद घालायला मला दुसऱ्या जागा आहेत. त्या ओसरीत देवी आली होती, एवढं मी आता मानते. ती कुणाच्या रूपात आली, हे बायांना ओळखता आलं नाही इतकंच. आणि देवीनं निभावलं म्हणून खिडकीला माफी नाही. गोळ्या पोचवणं हे देवीचं काम नव्हे. माझ्या निवेदनाचं दुसरं स्मरणपत्र गेलंय, तिसरंही जाईल. पण शरण जाणं म्हणजे गप्प बसणं, असं मी समजत होते, ते चुकलं होतं. आपल्याच्यानं एकटीनं होत नाही, हे कबूल करून दुसऱ्याच्या दारात जाता येणं, ते मला आईच्या परडीनं शिकवलं. उपकार तिचे, मावशींचे, त्या दोरी वळणाऱ्या म्हाताऱ्याचे. फेडायची भाषा मी करत नाही.

आता तुम्ही. तुमच्या गल्लीत रोजची गोळी खाणारी माणसं आहेत. फिटची, साखरेची, बीपीची, टीबीची. कुणाच्या डब्यात किती दिवसांचं औषध उरलंय, कोण ते अर्धं करून खातंय, तुम्हाला माहीत नाही. मलाही सख्ख्या आईचं माहीत नव्हतं. हे वाचून हात जोडू नका. उठा, शेजारच्या दारात जा, आणि किती उरल्यात ते विचारा. आजच.