कंसातला शब्द

मल्हारी पगारे नाशकात झुंबरशेठच्या छापखान्यात कंपोझिटर होता. रविवार कारंज्यामागच्या गल्लीत, तेलाच्या घाण्याला लागून तो छापखाना होता. समोर शिशाच्या अक्षरखिळ्यांची केस, अक्षरागणिक तिचे खण, आणि स्टुलावर बसून दिवसभर एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची. लग्नपत्रिका, जयंतीची पत्रकं, सत्यनारायणाची पोथी, ज्याचं काम येईल त्याचं. उलट्या खिळ्यांची ओळ तो छापलेल्या ओळीइतक्याच सहज वाचायचा.

निफाडकडच्या गावाहून तो एकसष्ट साली इथं आला. त्याच्या पाच वर्षं आधी सगळ्या घरानं धम्मदीक्षा घेतली होती. वडिलांनी देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले, पण खंडोबाच्या नावावरून ठेवलेलं पोराचं नाव तसंच राहिलं. धाकटा भाऊ कारभारी शिकून सरकारी कचेरीत कारकून झाला. मल्हारीची बायको भागीबाई लग्नानंतर चौथ्या वर्षी काविळीनं गेली. दुसरं लग्न त्यानं केलं नाही. सत्तर साली आई चांगुणा गावाकडून गंजमाळच्या त्याच्या खोलीत राहायला आली.

शुद्धलेखन बोटांतून जाऊन जाऊन मल्हारीचं बोलणंही छापील झालं होतं. वस्तीतले लोक म्हणायचे, हा माणूस बोलत नाही, वाचून दाखवतो. नळावर, विहारात, कुठंही तो आला की गप्पा जरा बेतानं व्हायच्या. छापखान्यात त्याचं बोलणं चालायचं, पण तिथले लोक पाच वाजता सायकली काढून आपापल्या घरी जात. घरी आईलाही तो दुरुस्त करायचा.

"आई, 'लय' नको म्हणू. 'फार' म्हण."

"फार म्हणलं का दुसरीच बाई बोलल्यावानी वाटतं, बाबा," ती म्हणायची.

सत्याहत्तर साली ओझरकर सर आपलं हस्तलिखित घेऊन आले. निवृत्त शिक्षक. पंधरा वर्षं जिल्हाभर फिरून त्यांनी बोलीतले शब्द गोळा केले होते आणि ते चिठ्ठ्यांवर उतरवून बुटांच्या खोक्यांत भरून ठेवले होते. शब्द, त्याचा अर्थ, ऐकला ते गाव आणि शेवटी कंसात एक खूण. बागलाणातला शब्द असला की (अहि.), शेतकऱ्याच्या घरचा असला की (ग्रा.). काहींपुढे (ही.) होतं. ते हिंदी असावं, वेलांटी चुकून अनुस्वार राहून गेला असावा, असं मल्हारीनं धरलं. पण मूळ प्रतीला हात लावायचा नाही हा छापखान्याचा नियम, म्हणून जसं होतं तसं तो जुळवत गेला.

'क'च्या पानावर मात्र त्याचा हात थांबला. सरांनी लिहिलं होतं, 'कडूसं : किंचित कडू चव.' त्यानं ते तसंच जुळवलं आणि प्रूफाच्या समासात पेन्सिलीनं बारीक लिहिलं, 'अर्थ पुन्हा पाहावा.'

शनिवारी सर प्रूफ घेऊनच आले. "हे कुणी लिहिलं?"

"मी, सर. चुकलं असेल तर खोडतो."

"चुकलंय माझं. तुम्हाला ठाऊक आहे हा शब्द?"

"आई म्हणते. दिवस मावळल्यावर थोडका उजेड राहतो, त्याला कडूसं. कडूसं पडलं की गुरं घरी येतात."

सर कागदाच्या रिमावर टेकले. "आणखी काय म्हणते हो तुमची आई?"

नाशकात येऊन सोळा वर्षं झाली होती. हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

त्या रात्री जेवताना त्यानं आईला सांगितलं. ती हातातली भाकरी तशीच धरून बघत राहिली. "माझं बोलनं? छापायला?" मग हसली आणि जेवण होईस्तोवर हसतच राहिली. पण दुसऱ्या दिवसापासून तिनं मनावर घेतलं. चुलीपाशी, निवडणटिपण करताना शब्द आठवला की हाक मारायची. मल्हारी वहीत उतरवून घ्यायचा. तिला दुरुस्त करणं त्यानं कधी बंद केलं, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

"वानुळा लिव्हला का?" तिनं एकदा विचारलं. "नवं पीक घरात आलं का शेजारी थोडका वाटा धाडायचा, त्यो वानुळा. शेंगा म्हना, ऊस म्हना."

"आपण कुणाकडे धाडायचो?"

"आपल्या आपल्यात. वरच्या आळीत कोन घेतंय आपला वानुळा? त्यांचा यायचा. कुसाबाई पाटलीण लय मायाळू. पन टाकायची वरून, पदरात."

तेही त्यानं लिहिलं. सर दर शनिवारी येत. चहा यायचा एकच कप, आणि सर त्याच्याच कपातला अर्धा चहा बशीत ओतून घेत. वही वाचताना त्यांचा चेहरा उजळायचा. "पगारे, ही माउली म्हणजे खाण आहे," ते म्हणत. मल्हारीला शनिवारची वाट पाहायची सवय लागली. वर्षभरात आईचे एकशे चाळीस शब्द पुस्तकात गेले. सरांच्या अक्षरात ते परत यायचे तेव्हा प्रत्येकापुढे (ही.) असायचं. आईच्या शब्दांत हिंदी कुठून आलं, हे त्याला कळेना. पण सर विद्वान होते, त्यांचं काही कारण असेल.

एकोणऐंशीच्या मार्चमध्ये पुस्तकाचा अखेरचा भाग आला, प्रस्तावना आणि खुणांची यादी. मल्हारी यादी जुळवू लागला. अहि., अहिराणी. ग्रा., ग्राम्य. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, 'ही. : हीन जातींच्या तोंडी असलेला.'

त्यानं ओळ पुरी केली. शेवटचा खिळा बसवला, उरलेली जागा भरली. मग हातातली जुळणीची स्टिक खाली ठेवून तो मागच्या मोरीवर हात धुवायला गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला. दोन वर्षांत ही खूण त्यानं स्वतः किती वेळा जुळवली असेल? परत येऊन त्यानं प्रुफांचा गठ्ठा काढला आणि मोजली. तीनशे छप्पन्न वेळा. 'व'च्या पानावर दोन नोंदी लागून होत्या. 'वानोळा' कुसाबाईंचा, तो सर गावी जाऊन त्यांच्याकडून घेऊन आले होते, त्यापुढे (ग्रा.). 'वानुळा' चांगुणाबाईचा, त्यापुढे (ही.). अर्थ एकच होता.

शनिवारी सर आल्यावर त्यानं ते पान पुढं ठेवलं.

"सर, या दोघी एकाच गावच्या आहेत."

सरांनी चष्मा लावून वाचलं. "उच्चार वेगळा आहे ना. वानोळा, वानुळा."

"कंस उच्चारावरून ठरला, की बाईवरून?"

सरांनी चष्मा काढला. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "अहो पगारे, हा शास्त्रातला शब्द आहे. यात कुणाचा अपमान नाही. तुम्ही मला दोन वर्षं पाहताय. माझ्या मनात तसं काही असतं तर..." त्यांनी कपाकडे हात केला.

"तुमच्या मनात नाही, सर. पुस्तकात आहे."

"बरं. तुमच्या आईचे सगळे शब्द ग्राम्य करून टाकतो. मग तर झालं?"

मल्हारीच्या ओठांवर 'हो' आलं होतं. आईच्या शब्दांवरची खूण गेली असती, शनिवार राहिले असते. "आणि बाकीचे दोनशे सोळा?" त्यानं विचारलं.

"त्यांचं तुम्हाला काय?"

"तेही कुणीतरी सांगितलेच असतील, सर. घरी जाऊन हसले असतील."

सर उठले. रागावले नव्हते, दुखावले होते. "पुस्तक मी लिहितोय, पगारे," एवढंच बोलून ते निघून गेले. चहा तसाच राहिला.

मल्हारी झुंबरशेठकडे गेला आणि खुणांच्या यादीच्या पानांचा तो फर्मा आपण पुरा करणार नाही म्हणाला. शेठ गोंधळले. "सत्यनारायण जुळवता तेव्हा कधी काही म्हणाला नाहीत."

"तो दुसऱ्यांचा देव आहे, शेठ. त्यांचं काम चोख करायचं. हे माझ्या घराबद्दल आहे."

शेठनी फर्मा दुसऱ्या कंपोझिटरला दिला. पुस्तक दिवाळीच्या सुमारास निघालं. तीनशे छप्पन्न कंस जागच्या जागी होते. प्रस्तावनेत एक ओळ होती, 'मुद्रणालयातील एका कामगाराने काही शब्द पुरवले.' सर पुन्हा शनिवारी आले नाहीत. कामासाठी ते घरच्या गड्याला पाठवत.

आईनं विचारलं, "छापलं का माझं बोलनं?" छापलं म्हटल्यावर तिला बघायचं होतं. त्यानं पान उघडून दिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं शब्दावर हळूच बोट फिरवलं आणि कंसापाशी थांबली.

"हे दोन इळे कशाचे रं?"

"ते तसंच असतं, आई," तो म्हणाला.

हे कुणाला तरी सांगावं म्हणून तो कारभारीकडे गेला. कारभारीनं इंदिरानगरात नवीन घर केलं होतं. सगळं ऐकून तो भडकला, पण सरांवर नाही.

"तुला कुणी सांगितलं होतं आईला असं मांडून ठेवायला? बाबांनी देव सोडले ते कशासाठी? गाव सोडलं, ती भाषाही तिथंच सोडून आलो आपण. माझी पोरं तसलं बोलत नाहीत, बोलणारही नाहीत."

"भाषेनं काय केलं, कारभारी?"

"तिच्यावरून ओळखतात. तुला माहीत नाही?"

मल्हारीला माहीत होतं. सरांना त्याचा शब्द हवा होता, पण खालच्या पायरीवर. भावाला तो नकोच होता. दोघंही वाईट नव्हते, त्यामुळे रागवायलाही जागा नव्हती. त्या संध्याकाळी तो इंदिरानगरहून पायीच घरी आला.

एक्याऐंशीच्या थंडीत आई गेली. त्यानंतर खोलीत बोलणं असं उरलंच नाही. मल्हारी स्वतःशी बोलून पाहायचा. "लय थंडी हे आज," असं म्हणायचा, पण ते आईसारखं व्हायचं नाही. कोणी तसंच उत्तर देणारं नसलं की बोली नुसती नक्कल वाटते, असं त्याच्या ध्यानात आलं. वस्तीतल्या म्हाताऱ्या एकेक करून जात होत्या. विहारात तरुण पोरं पाली सुत्तं पाठ म्हणायची. ती तो मन लावून ऐकायचा, पण ते शब्दही त्याच्या आईच्या तोंडचे नव्हते.

मग त्यानं नवीन वही केली. आईचे शब्द लिहिले, आठवतील तसे वस्तीतल्या इतरांचेही. कंस घातला नाही. प्रत्येक शब्दापुढे सांगणाऱ्याचं नाव लिहिलं: चांगुणा पगारे, लंकाबाई, साळूबाई. असं पाच-सहा वर्षं चाललं. शहाऐंशीत झुंबरशेठनी ऑफसेट मशीन आणलं, खिळे भंगारात गेले आणि मल्हारीला कामावरून रजा मिळाली. वही मात्र भरत राहिली. तिला छापील रूप मिळावं असं त्याला आता वाटत नव्हतं. कुणीतरी ती वाचावी, इतकंच वाटायचं.

सत्त्याऐंशीत एका रविवारी तो ती घेऊन इंदिरानगरला गेला. भावजय आणि पोरं लग्नाला गेली होती. कारभारी एकटाच पेपर वाचत होता. त्याचे केस पांढरे झाले होते. मल्हारीनं वही टेबलावर ठेवली. कारभारीनं ती उघडली, जरा वेळानं मिटली. चहा केला. मग पुन्हा उघडली आणि पानं उलटू लागला. 'ह'च्या पानावर त्याचं बोट थांबलं.

"हेल, पाण्याची खेप," त्यानं वाचलं. "हे चूक आहे."

"चूक?"

"हातात धरून आणलं ते हेल नाही. डोईवरच्या दोन घागरी, एकावर एक, ती हेल. आई आडाच्या ओट्याखाली उभी राहायची. वरून कुणी ओतलं तर भरायची." त्याचा आवाज बदलला होता आणि 'आई' म्हणताना त्यानं ते गावाकडच्यासारखं ओढलं होतं. "कधीकधी दुपार व्हायची. मी चुंबळ धरून बसलेलो असायचो. तू शाळेत."

मल्हारीनं खिशातली पेन्सिल काढली, जुना अर्थ खोडला आणि भावानं सांगितला तसा लिहिला. मग पुढे नाव लिहायला तो वाकला.

"माझं नाव नको घालू," कारभारी म्हणाला.

"मग कुणाचं घालू?"

कारभारी खिडकीबाहेर बघत राहिला. समोरच्या प्लॉटवर घराचा पाया खणत होते. "नको घालू म्हटलं ना."

मल्हारीनं ती जागा कोरी सोडली. वही मिटून पिशवीत ठेवली, चपला घातल्या. कारभारी दारापर्यंत आला आणि चौकटीला हात लावून उभा राहिला.

"पुढच्या रविवारी येतोस?" त्यानं विचारलं. "आलास तर अकराच्या आत ये. नंतर पोरं घरी असतात."