वन्संसाठी बघितलेले पिक्चर

आजकालच्या भुतांना काही लाजच उरली नाही. पाट्या संपतात न संपतात तोच पडदाभर येऊन उभी राहतात, दात विचकतात, आणि मागून असा ढणढणाट होतो की भीती राहते बाजूला, कानठळ्या बसतात. माझं म्हणणं साधं आहे. भूत दाखवायचं नसतं, त्याची वाट बघायला लावायची असते. एक रिकामा झोपाळा, एक आपोआप उघडलेलं फडताळ, बस. हे मत मी कुणी न विचारता सगळ्यांना सांगते. घरात ह्यांनी ते इतक्यांदा ऐकलंय की मी सुरू झाले की ते बातम्यांचा आवाज वाढवतात.

मनापासून ऐकणारं माझं एकच माणूस, ते म्हणजे माझी नणंद. वयाने माझ्याहून लहान, पण लग्नात सासूबाईंनी ‘वन्सं’ म्हणायला लावलं ते तोंडात बसलं ते बसलंच. मी त्यांना अहोजाहो करते आणि त्या मला बिनदिक्कत ‘वहिनी, तू’. आम्ही हिमायतनगरला, त्या गावातच गौलीगुड्याला. त्यांचे यजमान गेले, मुलगा नोकरीला पुण्याला गेला, तेव्हापासून शुक्रवारची दुपार आमची. आधी कोठीच्या बाजारात काय ती किरकोळ खरेदी, मग मॅटिनी. तेलुगू असो, हिंदी असो, खून, भूत किंवा मारामारी यातलं एक तरी पाहिजे. रडके कौटुंबिक पिक्चर आम्हाला नक्को. ते घरी असतातच.

आता गंमत अशी की वन्संना भुताचा पिक्चर जिवापाड आवडतो आणि तो बघवत मात्र नाही. संगीत जरा बदललं की त्या डोळे गच्च मिटतात, माझा दंड धरतात आणि म्हणतात, “सांग.” मग मी त्यांच्या कानाशी लागून सांगत बसते. ती जिना चढतेय, कंदील विझला, मागे कुणीतरी आहे, नाही, मांजर होतं, थांबा, मांजर नव्हतं. प्रसंग संपला की मी त्यांच्या मनगटावर टिचकी मारायची आणि त्यांनी डोळे उघडायचे, असा आमचा रिवाज. एकदा मी स्वतःच इतकी गुंगले की टिचकी मारायचीच विसरले. इंटरव्हलला दिवे लागले, लोक समोशांकडे धावले, आणि ह्या आपल्या डोळे मिटून माझा दंड धरून बसलेल्या. समोसा खाताखाता मला चांगलंच फैलावर घेतलं त्यांनी. दुसऱ्या एका वेळी मागच्या रांगेतली एक बुरखेवाली बाई पुढे वाकली. मला वाटलं, आता ही आपल्याला गप्प करणार. तर ती म्हणाली, “जरा जोर से बोलो बाजी, मेरेकू भी डर लगरा.” तिला मराठी कितपत कळत होतं देव जाणे, पण उरलेला पिक्चर तिनेही ऐकला.

मारामारीच्या पिक्चरला वन्सं डोळे सताड उघडे ठेवतात आणि मी कंटाळते. हल्ली नायक दाढी वाढवतो, सिगरेट ओढतो, आणि भली मोठी बंदूक घेऊन सबंध गाव आडवं करतो. त्या मेलेल्या माणसांना घरंदारं नसतील का? शिवाय शेवट म्हणून नाही. ऐन रंगात आलं की पुढचा भाग नंतर बघा म्हणतात. वन्सं म्हणतात की नायक चालतो कसा ते बघावं, बाकी सोडून द्यावं. थ्रिलरचंही तेच. जो फार गोड बोलतो तोच खुनी, हे मी इंटरव्हलचा चहा येण्याआधी सांगते. वन्संना त्याचा राग येतो आणि माझं बरोबर निघालं की जास्तच येतो.

यंदा त्यांच्या मुलाने धोशाच लावला. आईने एकटीने गौलीगुड्यात राहायचं नाही, पुण्याला कायमचं यायचं. त्याचं चुकीचं काहीच नव्हतं. सून गुणी, खोली हवेशीर, दारात लिफ्ट. वन्संनी मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, जा हो, मुलाजवळ असावं माणसाने. शहाण्यासारखं बोलले आणि घरी येऊन भांडी आपटली. वन्सं आधी दोन महिने राहून बघते म्हणाल्या, जमलं तर इथलं घर विकायचं ठरलं, आणि त्या गेल्या.

पहिल्या शुक्रवारी मी एकटी गेले. भुताचाच होता, लोकांनी वाखाणलेला. शेजारची खुर्ची रिकामी. जिन्यावर पावलं वाजली तेव्हा माझे ओठ हलले आणि लगेच मिटले. बाहेर आल्यावर चहावाल्या अण्णाने विचारलं की दुसऱ्या अम्मा कुठे, तर मी म्हटलं, एकच चहा दे. फार करमेनासं झालं, त्यात लपवण्यासारखं काय आहे. पिक्चरही मग मला एकजात टुकार वाटू लागले. ह्यांनी एकदा सोबत यायची तयारी दाखवली, आले, आणि पहिला खून व्हायच्या आत घोरू लागले.

अशात एका सकाळी भाच्याचा फोन आला. मामी, आईला काय झालंय तुम्हीच विचारा, म्हणाला. कौतुकाने आईला मोठ्या मल्टिप्लेक्समध्ये भुताच्या पिक्चरला नेलं, पाय पसरून बसायच्या खुर्च्या, पॉपकॉर्न, सगळं केलं. तर आईने डोळे मिटले आणि त्याचा दंड धरला. तो बिचारा म्हणत राहिला की आई, उघड डोळे, खोटं असतं ते सगळं. तिने उघडले, सरळ शेवटपर्यंत बघितलं आणि घरी येताना एक शब्द बोलली नाही. आपलं कुठे चुकलं हे त्याला उमगत नव्हतं, आणि त्याचा आवाज ऐकून मलाच वाईट वाटलं. मी म्हटलं, तुझं काही चुकलेलं नाही रे, दे आईला फोन.

वन्सं फोनवर आल्या. मी विचारलं, कसा होता पिक्चर? म्हणाल्या, भूत बघितलं, रंग फासलेली एक बाई होती, तू सांगतेस तशी काहीच नव्हती. मी हसले, त्या हसल्या नाहीत. मग पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

“वहिनी, पोरं फार चांगली आहेत गं,” त्या हळू म्हणाल्या. “पण इथं डोळे मिटले की नुसता अंधार असतो.”

 मी म्हटलं, परत या.