फोटोच्या पाठीवरचं नाव

कुठलीही वस्तू हातात आली की मामा ती आधी उलटी करून बघत. ताटली, लग्नपत्रिका, माझं आदर्श शिक्षकाचं प्रशस्तिपत्रकसुद्धा. "म्होरून समदंच गोड दिसतंय सर. मागं काय हाय ते बगावं."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आमच्या चुडाव्यात त्यांना बोटवाले मामा म्हणत. उभा जन्म मालवाहू जहाजावर स्वयंपाक करून ते गावी परतले, माझ्या शेजारी. मी मास्तर, जग मला नकाशापुरतं ठाऊक, आणि फिलिपिन्स दाखवताना तिथंही माझी काठी जपानवर जायची.

मामांचा जहाजावरचा जिवलग सोबती फिलिपिन्सचा. शेवटच्या फेरीत त्यानं मामांच्या हातात एक जुना फोटो ठेवला: कोट घातलेला जपानी माणूस, मांडीवर लहान मुलगी. ती मुलगी म्हणजे सोबत्याची आई. तिचा बाप दुसऱ्या महायुद्धाआधी तिकडच्या, दोराचा वाख पिकवणाऱ्या मळ्यांत मजुरीला आला, तिथलीच बायको केली. मग जपानी फौज आली. तिनं त्या मुलखाचे हाल केले आणि जाताना त्यालाही ओढून नेलं. तो परतला नाही. लोकांचा राग आता पोरीवर निघेल, या भीतीनं तिच्या आईनं सगळे कागद जाळले. हा फोटो तेवढा उरला. पाठीवर पेन्सिलीनं, जपानी लिपीत, बापाचं नाव. इतकं पुसट, की मोबाइलमध्ये उमटत नसे. ऐंशी ओलांडली तरी म्हातारी तो तिथल्या कुणाला दाखवू देईना. पण मरायच्या आधी बापाचं नाव तिला ऐकायचं होतं. तुमच्या विहारात जपानचे भन्ते येतात ना, असं सोबत्यानं विचारलं होतं.

यंदा ते भन्ते यायचे ठरले. त्यांना आणायला नांदेडला जाताना मामांनी फोटो माझ्याकडं दिला. "जपा," एवढंच म्हणाले. पाठीवरच्या नावाचं ते तेव्हा बोलले नाहीत, आणि मी फोटो उलटून पाहिला नाही.

मी कसा जपला ते ऐका. गेलेल्या माणसाचा फोटो आपल्याकडं कुणी सुटा ठेवतं का? मी तडक पूर्णेला फ्रेमवाल्याकडं गेलो. सोनेरी चौकट, काच, वर माझ्या खर्चानं हार. विहारात चौकट मांडली आणि शाबासकीची वाट बघत बसलो.

भन्तेंना घेऊन मामा आले. चौकट उचलली, उलटी केली. मागं प्लायवूड आणि टांगायची कडी. खिळे उपसले, तर फोटो फळीला डिंकानं पक्का चिकटवलेला.

"सर," ते हळू म्हणाले, "वाचायला काय ठिवलंच न्हाई तुमी."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. भन्तेंची परतीची गाडी दीड तासावर होती. मामांनी विहाराच्या चुलीवर पाणी उकळत ठेवलं आणि घरून मासे सोलायची पातळ सुरी मागवली. मला फक्त झाकण धरायला दिलं. ते मी दोनदा पाडलं. थोडी वाफ, मग सुरी केसभर आत, पुन्हा वाफ. मध्येच कागद टरकला. मामांचा हात थांबला. हात पुन्हा चालू लागला.

फोटो सुटला तेव्हा पाठीचा निम्मा पापुद्रा फळीवरच राहिला होता. भन्तेंनी तो उन्हाकडं तिरपा धरून बराच वेळ पाहिला. मग मोडक्या हिंदीत म्हणाले, आडनाव गेलं. नाव आहे: तोराकिची.

मामांनी तिथंच फोन लावला. पडद्यावर म्हातारी, शेजारी मुलगा. भन्तेंनी नाव उच्चारलं. मामा आपल्या जहाजी इंग्रजीत सांगू लागले, की आडनाव आपल्याच हातून गेलं. माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

तेवढ्यात म्हातारीनं ते आडनाव स्वतःच म्हटलं. आधी आडनाव, मग नाव, सावकाश. मुलगा आईकडं बघतच राहिला. तिला सगळं ठाऊक होतं. दुसऱ्या कुणी ते मोठ्यानं म्हणावं आणि काही वाईट घडू नये, एवढीच ती वाट बघत होती. ते आडनाव मी इथं लिहीत नाही. तिनं जन्मभर सांभाळलेलं. मी डिंकवाला माणूस.

मामा गेल्या थंडीत गेले. काही दिवसांनी त्यांच्या फोनवर सोबत्याचा फोन आला. सरांना इंग्रजी येतं म्हणून मामांची सूनबाई मला बोलवायला आली. म्हातारीला चर्चमध्ये मामांसाठी प्रार्थना करवायची होती आणि त्यासाठी पूर्ण नाव हवं होतं. मी फोन धरून उभा. बारा वर्षांचा शेजार, आणि मला 'मामा'च्या पुढं काही येईना. शेवटी सूनबाई एकेक सांगत गेली: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मी ते फोनवर सांगत गेलो, आणि पलीकडून म्हातारी प्रत्येक शब्द परत म्हणत गेली.