आवाज नसलेलं विमान

काल मिक्सर दुरुस्तीला नेला. दुकानदाराने सुटलेल्या तारेला डाग द्यायला घेतला तसा राळेच्या धुराचा वास आला आणि मी समोरच्या स्टुलावर बसले. मला दादा आठवला.

मस्कतची नोकरी सुटून तो रत्नागिरीला परतला, तेव्हा त्याने आपलं जुनं रिमोटचं विमान माळ्यावरून काढलं. त्याच्या इंजिनाचं इंधन इथे मिळत नव्हतं आणि परवडणारंही नव्हतं. मग त्याने इंजिन काढून, घरीच तारांना डाग देत, स्वस्तातली विजेची मोटर बसवली. ती धरायला पट्टी आमच्या फुटक्या परातीतून कापली. बॅटरी कुणाची तरी वापरलेली होती.

एका संध्याकाळी आम्ही सड्यावर, कातळाच्या मोकळ्या पठारावर गेलो. तापलेल्या कातळावरून विमान उठलं. पूर्वी ते कानठळ्या बसवायचं, आता पात्याची बारीक घरघरसुद्धा वाऱ्यात विरून गेली. दादा मान वर करून हसत होता. मी शाळेत शिकवून थेट तिथे आले होते, आणि घरी आई अंथरुणावर होती.

"दादा, पुरे आता. आईला भरवायचंय."

"थांब गो जरा. किती हलकं उडतंय बघ."

"हे काय खेळायचं वय आहे तुझं?"

त्याने विमान उतरवलं. पुढच्याच महिन्यात तो पुन्हा मस्कतला गेला आणि जाताना विमान कुणाला तरी देऊन टाकलं.

तेव्हा वाटलं, मी बोलले ते रास्तच होतं. आज त्याच्या त्या वेळच्या वयाला पोचल्यावर कळतं, नोकरी गेल्यापासून तो त्या दिवशी पहिल्यांदाच हसला होता. मला ते दिसलंही होतं.